काविळीच्या बाई

बाईंनी कुणाला ‘कसे आहात?’ असं विचारलेलं मी कधीच ऐकलं नाही. समोर माणूस आला की त्या त्याला दंडाला धरून खिडकीपाशी न्यायच्या, अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढायच्या आणि डोळ्यांत बघायच्या. मग म्हणायच्या, "हं. बोला आता."

दिव्याच्या उजेडात डोळ्यांतला पिवळेपणा लपतो, उन्हात लपत नाही, एवढंच त्यामागचं कारण. पण ते माहीत नसलेल्यांची फार पंचाईत व्हायची. बसचा कंडक्टर, भाजीवाला, नवीन आलेला मेडिकल ऑफिसर, कुणी सुटलं नाही. एका लग्नात तर आहेर देता देता त्यांनी नवरदेवालाच हॉलच्या बाहेर उन्हात नेलं. वधूकडची मंडळी धावली. "पंगत बसू द्या," बाई म्हणाल्या, "पण मुलाला जेवणात तळलेलं देऊ नका आणि उद्या माझ्याकडे पाठवा." तो तिसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डात दाखल झाला. नवी नवरी हिरव्या चुड्यासकट डबा घेऊन यायची. पुढे ते दोघं दर दिवाळीला बाईंना फराळ पाठवायचे.

माझी मुलाखतही अशीच झाली. मी एकवीस वर्षांची, लॅब टेक्निशियनचा कोर्स नुकताच पास झालेली, आईची ठेवणीतली साडी नेसून फाइल छातीशी धरून बसले होते. समोर तीन साहेब आणि कोपऱ्यात एक उंच, सावळ्या, पन्नाशीच्या बाई. साहेबांनी विचारलं, "रक्तातली कावीळ कशी मोजतात?" मी तोंड उघडणार तोच त्या बाई उठल्या, मला खिडकीत नेलं, पापणी ओढली आणि साहेबांना म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्त कमी आहे. बाकी ठीक. ही मुलगी मला द्या." प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. नंतर कधीतरी मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "सगळी मुलं डोळा मिटतात. तू घाबरलीस, पण डोळा उघडा ठेवलास. मला लॅबमध्ये असंच माणूस लागतं."

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. उपनगरातलं एक सार्वजनिक इस्पितळ आणि त्याच्या तळमजल्यावर, पूर्वी जिथे वॉर्डातल्या चादरी ठेवत, तिथे बाईंची लॅब. बाई परदेशात काही वर्षं यकृताच्या रोगांवर काम करून आल्या होत्या. शहरातल्या मोठ्या संस्थेने त्यांना बोलावलं होतं, गाडी देऊ केली होती. त्या गेल्या नाहीत. "कावीळ शहरात मरायला जाते," त्या म्हणायच्या, "होते ती इथे."

इस्पितळात सगळ्या डॉक्टरणींना मॅडम म्हणत. यांना मॅडम म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या, जणू आणखी कोणी आत आलंय. म्हणून त्या ‘बाई’. आणि बाहेर, रिक्षावाल्यांपासून पेशंटच्या नातेवाइकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘काविळीच्या बाई’. कडक इस्त्रीची पांढरी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि पायांत कॅनव्हासचे बूट. त्या बुटांवरून नर्सेस हसायच्या. बाईंना ते ठाऊक होतं. "चपला घालून गटारापर्यंत जाता येतं. गटारात उतरता येत नाही."

लॅबमधली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे फ्रीझर. बंद पडलेल्या एका आइस्क्रीमच्या कारखान्यातून बाईंनी तो मिळवला होता. झाकणावर गुलाबी आइस्क्रीमचं चित्र, आणि आत ओळीने माणसांचं रक्त नि मलाचे नमुने. नवीन माणूस चित्र बघून झाकण उघडायचा आणि पुन्हा आयुष्यात आइस्क्रीम खायचा नाही. एका दुपारी वीज गेली ती येईना. बाई कुणाला काही न सांगता बाहेर पडल्या आणि तासाभराने रिक्षातून परत आल्या, मांडीवर बर्फाची लादी, पायांशी दुसरी. मासळीवाल्या बायकांकडून आणली होती. साडीला माशांचा वास, आणि चेहरा मात्र लॉटरी लागल्यासारखा. "एकही बाटली वितळली नाही गं!"

हे नमुने त्या का साठवतात ते आम्हाला कुणालाच नीटसं कळत नव्हतं. विभागप्रमुखांनी दोनदा सांगितलं होतं, तपासून झालं की टाकून द्या. बाई मान डोलवायच्या आणि आणखी एक कप्पा भरायच्या. "आज ज्याची तपासणी नाही, त्याची उद्या येईल. तेव्हा रक्त कुठून आणू?"

एकदा मी विचारलं होतं, "बाई, तुम्ही यकृतच का निवडलंत? हृदय, मेंदू, किती काय काय आहे."

"हृदय धडधडतं, पोट दुखतं, दात तर घर डोक्यावर घेतो," त्या म्हणाल्या. "यकृत गप्प बसून काम करतं. पार वाट लागेपर्यंत तक्रार करत नाही. अशांकडे कोणीतरी बघायला नको?"

काविळीच्या माळेची गोष्ट आमच्या इस्पितळात अजून सांगतात. तेव्हा काविळीच्या निम्म्या पेशंटांच्या गळ्यात माळ असायची. मुळांचे बारीक तुकडे दोऱ्यात ओवलेले. माळ डोक्यावर ठेवायची, दिवसागणिक ती वाढत जाते, खाली उतरते, आणि कावीळही तिच्याबरोबर उतरते, असं लोक मानायचे. तरुण डॉक्टर त्या माळा बघून पेशंटवर खेकसायचे. बाई खेकसल्या नाहीत. त्या माळ देणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेल्या, त्याच्याजवळ बसून माळ ओवायला शिकल्या, आणि एक ताजी माळ घेऊन परत आल्या. ती त्यांनी ओपीडीतल्या पाण्याच्या माठाच्या गळ्यात घातली. संध्याकाळपर्यंत माळ माठाच्या पोटावर आली, दुसऱ्या दिवशी बुडाशी. मुळं वाळतात, बारीक होतात, गाठी सैल पडतात, की दोरा लांबतो.

"माठाची कावीळ उतरली," बाई रांगेतल्या लोकांना म्हणाल्या. सगळी ओपीडी हसली. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "माळ घाला, मी नको म्हणत नाही. गळ्यात काय घालता याच्याशी माझं भांडण नाही. पोटात काय घालता ते मला सांगा. पाणी उकळलंय, की उकळल्यासारखं केलंय?"

हा त्यांचा लाडका प्रश्न. तो त्यांनी मंत्र्यांनाही विचारला असता.

आणि ते सुईवाले डॉक्टर. स्टेशनजवळ दवाखाना, हात इतका हलका की लोक सर्दीलाही त्यांच्याकडे इंजेक्शन घ्यायला जायचे. सुई एकच, दोन पेशंटांच्या मधे स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेली. रक्तातून पसरणारी कावीळ अशाच सुईतून घराघरात जाते. बाई पेशंट म्हणून रांगेत बसल्या. पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "मला ताकदीचं इंजेक्शन द्या. पण सुई माझ्यासमोर वीस मिनिटं उकळा. मी थांबते." पिशवीतून त्यांनी स्टोव्ह काढला, भांडं काढलं, काकडा पेटवला आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. डॉक्टर लालबुंद. वीस मिनिटं दवाखान्यातली सगळी माणसं त्या भांड्याकडे बघत बसली, आणि त्या वीस मिनिटांत बाईंनी त्यांना सुईची सगळी गोष्ट सांगून टाकली. शेवटी दंड पुढे करून त्यांनी खरोखरच इंजेक्शन घेतलं. "हात छान आहे तुमचा," म्हणाल्या, "आता सुई पण छान ठेवा." स्टोव्ह तिथेच सोडून आल्या. पुढे त्या डॉक्टरांनी सहा सुया आणि एक मोठं भांडं घेतलं. का तर पेशंटच आल्या आल्या विचारायला लागले, डॉक्टर, उकळलीय ना?

पण बाईंचं नाव झालं ते आमच्या वसाहतीमुळे.

आम्ही कांदिवलीला पश्चिमेला, चारकोपच्या वाटेवर, नव्या वसाहतीत राहायचो. चौदा इमारती. बाबा गिरणीत होते. ते गेल्यावर आई, दादा, वहिनी आणि मी इकडे आलो. दहा नंबरच्या इमारतीत दुसरा मजला. पाणी सकाळी साडेसहाला यायचं, आठला जायचं. तेवढ्यात सगळं भरून ठेवायचं.

त्या वर्षी दिवाळी होऊन काही आठवडे झाले आणि वसाहतीत कावीळ शिरली. बघता बघता प्रत्येक जिन्यावर एक तरी पिवळा डोळा. लहान मुलं नव्हेत, चांगली तरणीताठी माणसं. बहुतेक जण दोनतीन आठवड्यांत उठून कामाला लागत होते. पण नऊ नंबरमधली एक बाई आठवड्याच्या आत गेली. आधी बडबड सुटली, मग शुद्ध गेली, मग ती गेली. आठवा महिना होता तिला.

मी हे लॅबमध्ये सहज सांगितलं. बाई पिपेट हातात धरून तशाच थांबल्या.

"गरोदर होती?"

"हो."

"तुमच्याकडे आणखी कोणी आहे गरोदर?"

"आमची वहिनी. सहावा लागलाय."

"पाणी कसलं पिते?"

"नळाचं. गाळून."

"आत्ताच्या आत्ता घरी जा," त्या म्हणाल्या. "गाळून नाही, उकळून. उकळी फुटली की घड्याळ लावून दहा मिनिटं. आणि तिला सांग, तहान लागली तरी बाहेर कुठे घोट घ्यायचा नाही. पळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कॅनव्हासचे बूट घालून आमच्या वसाहतीत हजर. आठवडाभर त्या घरोघरी फिरल्या. आजारी आणि धडधाकट, सगळ्यांचं रक्त घेतलं, डबीत नमुने घेतले, वसाहतीचा नकाशा काढून पिवळ्या माणसाच्या घरावर लाल टिंब देत गेल्या. टिंबं सगळी नऊ ते चौदा नंबरवर. एक ते आठ जवळजवळ कोरे.

त्याच आठवड्यात अकरा नंबरमधली सुलभा आमच्या इस्पितळात दाखल झाली. सातवा महिना. माझ्याच वयाची, गॅलरीतून हाक मारून गप्पा मारणारी. तिने पहिल्या दिवशी मला विचारलं, "मी खूप पिवळी दिसते का गं?" मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिने मला ओळखलं नाही. बाई दोन दिवस तिच्या कॉटपासून हलल्या नाहीत. तिचं बोट त्यांच्या हातात होतं, तशीच ती गेली. बाईंनी तिच्या नवऱ्याला जे सांगायचं ते सांगितलं, लॅबमध्ये आल्या, तिच्या रक्ताची बाटली फ्रीझरमध्ये ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी पाणी दिलं. ते तसंच राहिलं.

तपासण्यांचे निकाल आले. काविळीच्या दोनच विषाणूंच्या तपासण्या तेव्हा आमच्यापर्यंत पोचल्या होत्या, ‘ए’ आणि ‘बी’. पाण्यातून पसरणारा तो ‘ए’, पण तो इथल्या लोकांना लहानपणीच होऊन गेलेला असतो. आमच्या पिवळ्या माणसांत नवा ‘ए’ नव्हता, ‘बी’ही नव्हता. बाईंनी कागद पुन्हा पुन्हा वाचले. "हा तिसराच कोणी आहे. पाण्यातून येतो आणि गरोदर बाईला गाठतो. याला अजून कोणी नाव दिलेलं नाही."

शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांची सभा होती. बाई मला घेऊन तिथे गेल्या. काविळीच्या विषयातला शेवटचा शब्द मानले जाणारे एक प्रोफेसर अध्यक्षस्थानी होते. ते इंग्रजीखेरीज बोलत नसत. बाईंचं दहा मिनिटं ऐकून ते हसून म्हणाले, "तुमच्याकडे विषाणूचा फोटो नाही, नाव नाही. आहे तो वस्तीचा नकाशा. याला आरोग्य निरीक्षकाचं काम म्हणतात, संशोधन नव्हे. ज्याला नाव नाही त्यावर आपण चर्चा कशी करायची?"

बाई मराठीत म्हणाल्या, "नाव बारशाला ठेवतात, सर. आधी बाळंतीण जगू दे."

सभेत कुजबुज झाली. आम्ही चहा न घेता निघालो.

पाणीखात्याच्या इंजिनिअरचंही तेच. गृहस्थ वाईट नव्हते, पण त्यांच्या हातात कागद होता. "बाई, आम्ही परवाच तपासलं. पाण्यात औषध व्यवस्थित आहे. पाणी स्वच्छ."

"किती वाजता घेतलंत पाणी?"

"साडेसात असतील."

"पाणी सुटतं साडेसहाला. पहिल्या दहा मिनिटांचं घ्या."

"ते का?"

"पाणी बंद असतं तेव्हा पाइप रिकामा असतो. फुटका असेल तर बाहेरचं आत ओढून घेतो, आणि सकाळी तेच आधी नळात येतं. तुमची बाटली भरेपर्यंत लोकांनी ते पिऊन टाकलेलं असतं."

"पण फुटलाय कुठे? तुम्ही दाखवा, मी खणतो. उगाच सगळा रस्ता उकरू का?"

बाई वसाहतीत परत आल्या आणि चौकात बायकांना जमवलं. "आज जो पिवळा पडला, तो पाच-सहा आठवड्यांपूर्वी वाईट पाणी प्यायलाय. हा विषाणू पोटात गेल्यावर तेवढे दिवस दडून बसतो. म्हणून आजचं नको, तेव्हाचं आठवा. दिवाळीच्या आधी काय झालं होतं?"

कुणाला आठवेना. मग माझ्या आईनेच तोंड उघडलं. आई मालवणची, जन्मभर मालवणीच बोलली. "कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पाण्याक वास येय होतो. दोन दिस. मी म्हटलंय सुद्धा, पण माझा कोण ऐकता?"

"हो, हो!" बायकांमध्ये एकदम गलका झाला. "आमच्याकडे पण. डाळ टाकून दिली होती मी!"

गर्दीच्या मागे चावीवाले काका उभे होते. पाण्याची मोठी चावी फिरवून सकाळी वसाहतीला पाणी सोडणारे. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. ते खाली बघत निघून गेले. बाई मला हळूच म्हणाल्या, "त्याला माहीत आहे. पण त्याच्या नोकरीवर बेतेल. त्याला बोलायला लावायचं नाही. पाण्यालाच बोलू दे."

दोन दिवसांनी दुपारी एक टेम्पो आला, मिठागरावरची खडेमिठाची पोती घेऊन. नऊ नंबरच्या कोपऱ्यावर पाण्याची लाइन आणि मैल्याची लाइन एकमेकींजवळून जात होत्या. बाईंनी इंजिनिअरसाहेबांना बोलावून, त्यांच्या देखत, तिथल्या चेंबरचं झाकण उघडायला लावलं आणि स्वतः पदर खोचून त्यात मीठ ओतायला लागल्या. मी दुसऱ्या बाजूने पोतं धरलं होतं. सगळी वसाहत गॅलरीत.

"बाई, तुमी एवढे शिकलेले," आई वरून ओरडली, "आणि गटारात मीठ कित्याक ओततास? तुमका येड लागला की काय?"

"उद्या सकाळी सांगते!" बाई खालून ओरडल्या.

घराघरात निरोप गेला. उद्या सकाळचं पहिलं पाणी कुणीही प्यायचं नाही. प्रत्येक इमारतीतल्या एका बाईने पहिल्या धारेची बाटली भरायची, इमारतीचा नंबर लिहायचा आणि चौकात आणायची.

सकाळी सातला चौकात टेबल मांडलं होतं. त्यावर चौदा काचेच्या नळ्या, प्रत्येकीत एकेका इमारतीचं पाणी. सगळं पाणी सारखंच दिसत होतं, नितळ. इंजिनिअरसाहेब हाताची घडी घालून उभे. बाईंनी पिशवीतून काळी बाटली काढली. "यात चांदीचं औषध आहे. पाण्यात मीठ असेल तर पाणी पांढरं होतं. आपल्या नळाच्या पाण्यात मीठ नसल्यात जमा. काल मीठ फक्त एका ठिकाणी होतं. कुठे ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत."

एक नंबर. दोन थेंब. किंचित धुरकट. दोन नंबर तसंच. सात, आठ, तसंच. नळ्या मीच धरत होते.

नऊ नंबर. दोन थेंब पडले आणि पाणी दूध झालं.

कुणीतरी "आई गं!" म्हणालं. दहा नंबर, आमची इमारत. दूध. अकरा. दूध. बारा, तेरा, चौदा. सहा नळ्या पांढऱ्याशुभ्र, आठ जेमतेम धुरकट. सुलभाचा नवरा पुढे आला, अकरा नंबरच्या नळीकडे बघत उभा राहिला.

आणि मग गर्दीतून चावीवाले काका पुढे आले. "साहेब, नऊ नंबरच्या कोपऱ्यावर आपल्याच खात्याच्या माणसांनी खोदलेला. कोजागिरीच्या दिवशी. पहार पाइपाक लागली. गोणपाट गुंडाळून वर माती टाकली त्यांनी. मी बघितलंय." मग बाईंकडे वळून म्हणाले, "माजी नोकरी गेली तरी चालेल."

"जाणार नाही," इंजिनिअरसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी तिथेच शर्टाच्या बाह्या वर केल्या. "माणसं बोलवा. आत्ता खणायचं."

दुपारी पाइप उघडा पडला. मनगट जाईल एवढं भोक, त्याभोवती कुजलेलं गोणपाट, आणि सगळा पाइप काळ्या पाण्यात बुडालेला. साहेब खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले आणि बाईंना म्हणाले, "माझा कागद बरोबर होता हो. पाणी चुकीचं होतं." बाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. खड्ड्यातल्या चिखलाने काळी पडलेली त्यांची बोटं साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर उमटली.

संध्याकाळपर्यंत नवा तुकडा बसला. वसाहतीत ढोल वाजला, पोरं नाचली. बाई मात्र नाचल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आपण उकळायला सुरुवात केली त्याच्या आधी तुझ्या वहिनीने जे प्यायलं ते प्यायलं. आता दिवस मोजायचे. दोन महिने. रोज सकाळी मी येणार."

आणि त्या रोज आल्या. रविवारीही. गॅलरीच्या उन्हात वहिनीला उभी करायच्या, पापणी ओढायच्या. "हं. बोल आता." वहिनी हसायची, पण मी त्या दोघींकडे श्वास रोखून बघायची. वसाहतीत आणखी सात गरोदर बायका होत्या. त्यांच्याही दारात बाई जायच्या. टिंबं हळूहळू कमी होत गेली. एक आठवडा असा आला की नकाशावर नवं टिंब एकच, आणि त्यानंतर एकही नाही. आठपैकी दोघी पिवळ्या पडल्या, पण पहिल्याच दिवशी उन्हात सापडल्या, वेळेवर वॉर्डात आल्या, आणि दोघी वाचल्या. आमच्या वहिनीचा डोळा शेवटपर्यंत पांढरा राहिला. तिला मुलगी झाली. आईने पहिला पेढा बाईंच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "त्या दिवशी मी तुमका येड म्हटलंय, पण ता येड माकाच लागलेला होता."

शोधनिबंध लिहिताना बाईंनी लेखकांच्या यादीत माझं नाव दुसरं घातलं. विभागप्रमुख म्हणाले, टेक्निशियनचं नाव शेवटी आभारात असतं. "नळ्या आभारांनी धरल्या नाहीत, हिने धरल्या," बाई म्हणाल्या, आणि कागद तसाच पाठवला. तो दोनदा परत आला. तिसऱ्यांदा परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकाने छापला. त्या अंकाची पोस्टाची पाकिटं लॅबमध्ये आली त्या दिवशी बाईंनी सगळ्या इस्पितळाला, झाडूवाल्या मावशींपासून डीनपर्यंत, आइस्क्रीम दिलं. बाहेरून मागवलेलं. तरी निम्म्या लोकांनी आधी वास घेतला.

मग देशभरातले काविळीचे डॉक्टर मुंबईत जमले. भल्यामोठ्या हॉलमध्ये बाई पांढऱ्या साडीत नि त्या बुटांत उभ्या राहिल्या. आधी नकाशा दाखवला, मग सहा पांढऱ्या नळ्यांचा फोटो, आणि शेवटी आठ बाळांचा. वसाहतीच्या पायऱ्यांवर काढलेला, प्रत्येक बाळ आपापल्या आईच्या मांडीवर. हॉल उठून उभा राहिला. मी मागच्या रांगेत माझ्या दादाशेजारी बसले होते. टाळ्या थांबेनात तेव्हा बाई माइकवर म्हणाल्या, "बसा, बसा. माझी तीन मिनिटं शिल्लक आहेत."

अध्यक्षस्थानी तेच प्रोफेसर होते. सभा संपल्यावर ते खाली आले. त्या तिसऱ्या विषाणूच्या शोधात आता जगभरच्या प्रयोगशाळा होत्या, आणि एकाच साथीतले, आजाराआधीचे नि नंतरचे नमुने असे कुणाकडेच नव्हते. ते इंग्रजीत म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या फ्रीझरमधले नमुने आमच्या संस्थेला मिळू शकतील का?"

"मिळतील की," बाई म्हणाल्या. "निम्मे. पण न्यायला तुम्ही स्वतः या."

मला वाटलं ते माणूस पाठवतील. पण पुढच्या गुरुवारी सकाळी ते आले. टॅक्सी फाटकाशी उभी करून, बर्फाची पेटी स्वतः उचलून. ते आत आले, फ्रीझरच्या झाकणावरचं गुलाबी आइस्क्रीम बघून क्षणभर थांबले. बाटल्यांवर नियमाप्रमाणे फक्त नंबर होते.

"यादी द्या," ते म्हणाले, "मी पटपट ताडून घेतो. टॅक्सी थांबवलीय."

"यादी देते. पण आधी ओळख करून देते. बसा."

बाईंनी पहिली बाटली उचलली. कागद हातात नव्हता. "एक. चौदा नंबरमधले शाळामास्तर. सगळ्यात आधी हेच पिवळे पडले. आता बरे आहेत, वर्गात पाणी उकळून दाखवतात." बाटली पेटीत गेली. "दोन. त्यांची बायको. हिला झाली नाही, का झाली नाही ते आपल्याला शोधायचंय. तीन. बेस्टमधले ड्रायव्हर. चार. त्यांचा भाऊ, गावाहून दोन दिवसांसाठी आला होता."

प्रोफेसरांनी घड्याळाकडे बघितलं. बाई थांबल्या नाहीत.

"सात. सुलभा. वय बावीस. ही शुद्ध हरपायच्या आदल्या दिवसापर्यंत मला म्हणत होती की बाळ लाथा मारतंय. या बाटलीत त्या दिवशीचं रक्त आहे. तुमचा विषाणू सापडला तर बहुतेक हिच्यात सापडेल."

त्यांनी ती बाटली पेटीत ठेवली नाही. प्रोफेसरांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. प्रोफेसर माझ्याकडे वळले, खिशातून पैसे काढून मला दिले, आणि टॅक्सी सोडून द्यायला सांगितलं. फ्रीझरमध्ये शंभरावर बाटल्या होत्या.

मी परत आले तेव्हा कोट काढून खुर्चीच्या पाठीला टाकलेला होता. पेन उघडं, वही मांडीवर.

"आठवी कुणाची?" ते मराठीत विचारत होते.